वेगवेगळ्या वयोगटांच्या आरोग्याचा अभ्यास गावात कसा करावा?

प्रश्न विचारणारी विद्यार्थिनी बीड जिल्ह्यात एम.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असून तिचा विषय सामुदायिक आरोग्य परिचर्या हा आहे. एकाच गावातली बालके, किशोरवयीन मुली, प्रजननक्षम वयातल्या स्त्रिया, मध्यमवयीन माणसे आणि ज्येष्ठ अशा पाच गटांच्या आरोग्याचा व स्वास्थ्याचा तौलनिक अभ्यास करण्याचे तिने ठरवले आहे. नमुना शंभर जणांचा, म्हणजे प्रत्येक गटात वीस, आणि माहिती गोळा करायला डिसेंबरातले तीन आठवडे. हे जमेल का आणि साधने कोणती वापरावीत, असे तिने विचारले आहे.

विषय चांगला आहे आणि तो सोडू नका. मात्र शंभर, वीस आणि डिसेंबर या तिन्ही गोष्टी तुम्हाला बदलाव्या लागतील. मी प्राथमिक आरोग्य केंद्रात काम केले, नंतर अध्यापनात आले, आणि या दोन्ही ठिकाणी माझा सर्वांत जास्त वेळ ज्या चुका निस्तरण्यात गेला त्या साधनांच्या निवडीच्या नव्हत्या. माणसे कोणत्या महिन्यात गावात असतात आणि त्यांचे वय आपण कसे लिहितो, या दोन गोष्टींतल्या त्या चुका होत्या. म्हणून आधी त्यांविषयी सविस्तर लिहिते.

दसरा-दिवाळी उरकली की बीडसह आपल्या भागातली हजारो कुटुंबे मुकादमाकडून घेतलेली उचल (आगाऊ रक्कम) फेडण्यासाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात, आणि कारखान्यांचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावर, साधारण मार्च-एप्रिलमध्ये परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, त्यामुळे गावातून जातात ती तिशी-चाळिशीतली धडधाकट जोडपी, आणि त्यांच्याबरोबर अंगावर पिणारी किंवा नुकती चालू लागलेली लेकरे. मागे उरतात आजी-आजोबा, शाळेसाठी ठेवलेली मुले, जमीन किंवा नोकरी असलेली घरे, आणि आजारपणामुळे किंवा बाळंतपणामुळे ज्यांना जाता आले नाही अशी काही माणसे. डिसेंबरात तुम्ही ‘मध्यमवयीन’ गटाचे वीस जण गोळा केले, तर त्यात एका बाजूला बरी परिस्थिती असलेले आणि दुसऱ्या बाजूला दुखण्यामुळे घरी राहिलेले, असे दोन अगदी वेगळे लोक एकत्र येतील, आणि त्यांची सरासरी गावातल्या कोणाचीच नसेल.

हे मी स्वतः चुकून शिकले आहे. फार वर्षांपूर्वी एका तांड्यावर मार्गशीर्षात सर्वेक्षण करून मी अहवालात लिहिले होते की, पस्तिशीच्या पुढच्या स्त्रियांमध्ये कंबरदुखी आणि गुडघेदुखी अपेक्षेपेक्षा कमी आढळते. तो अहवाल मी तिथल्या कार्यकर्तीला मोठ्या उत्साहाने वाचून दाखवला. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “सिस्टर, ज्यांचं दुखतंय त्या तिकडं फडात हायेत.” डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणाऱ्या बायका माझ्या नमुन्यात नव्हत्याच.

त्यामुळे तुमच्यापुढे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे आशाताईंच्या कुटुंब सर्वेक्षणाच्या नोंदवहीवरून पावसाळ्याअखेरीस, लोक निघण्यापूर्वी, सर्व माणसांची यादी करून घेणे आणि प्रत्यक्ष माहिती एप्रिल-मेमध्ये गोळा करणे. यात प्रत्येकाच्या नावापुढे गेल्या हंगामात तो किती महिने बाहेर होता याचा रकाना ठेवावा. दुसरा मार्ग, महाविद्यालयाच्या वेळापत्रकामुळे डिसेंबर टळणारच नसेल तर, विषयच डिसेंबराला साजेसा करणे: आई-वडील हंगामावर गेलेल्या घरांतले आजी-आजोबा आणि त्यांच्याकडे राहिलेली नातवंडे, असे दोनच वयोगट. मी तुमच्या जागी असते तर हा दुसरा विषय घेतला असता. पासष्टीतली बाई पहाटे उठून दोन नातवंडांचे करते, तिच्या रक्तदाबाची गोळी संपलेली असते आणि तालुक्याला जाऊन ती आणायला घरात कोणी नसते. एका घरातल्या दोन वयांचे आरोग्य असे एकमेकांत गुंतलेले असताना त्यांचे पाच सुटे गट पाडून ते दिसणार नाही.

आता वयाविषयी. वयोगटांच्या अभ्यासात वय हाच मुख्य चल, म्हणजे जिच्यावर सगळी तुलना उभी असते ती गोष्ट, असतो, तरी प्रश्नावलीत त्याला एक रिकामी जागा देऊन आपण पुढे जातो. २०२२च्या मे महिन्यात केज तालुक्यातल्या एका गावात माझ्या विद्यार्थिनीने एका आजींचे आधार कार्ड पाहून वय ५९ लिहिले आणि त्यांना ज्येष्ठांच्या गटातून वगळले. कार्डावर जन्मतारीख होती १ जानेवारी १९६३. जन्माची नोंद नसलेल्या कितीतरी माणसांच्या कार्डावर ही १ जानेवारी दिसते, आणि ती दिसली की तारीख अंदाजे लावली आहे असे समजावे. मी आजींपाशी बसून थोरल्या मुलाची विचारपूस केली. त्या म्हणाल्या, “बाहत्तरच्या दुष्काळात थोरला रांगत व्हता. त्याला पाटीत निजवून मी खडी फोडायला जायची, सुकडी मिळायची तिथं.” न्हाण आल्यावर दोन वर्षांनी तो झाला, असेही त्यांनी सांगितले. मुलाचा जन्म १९७२चा धरला, तर कार्डाप्रमाणे आजी तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या, आणि हे शक्य नाही. त्यांचे खरे वय पासष्टीच्या पुढेच असणार. विद्यार्थिनीने त्यांना पुन्हा यादीत घेतले.

अशा चौकशीसाठी घटनांची एक पट्टी आधीच तयार करून ठेवा. मराठवाड्यात ती सहज तयार होते: सप्टेंबर १९४८ची पोलीस ॲक्शन, १९७२चा दुष्काळ, १९८४ साली इंदिरा गांधींची हत्या, ३० सप्टेंबर १९९३चा किल्लारीचा भूकंप, जानेवारी १९९४चा विद्यापीठाचा नामविस्तार. त्यांच्या जोडीला गावातल्या घटना घ्या, जसे नळ कधी आला, शाळेची इमारत कधी झाली, कोणत्या वर्षी नदीला मोठा पूर आला. ‘तेव्हा तुमचं लग्न झालं होतं का? पदरात लेकरू होतं का?’ एवढे दोन प्रश्न बहुतेक वेळा पुरतात. कागदावरचे आणि चौकशीतून आलेले अशी दोन्ही वये लिहा आणि विश्लेषणात कोणते वापरले ते स्पष्ट करा. कागदावरचे वय पासष्टीच्या आसपास दोन्ही बाजूंनी ओढले जाऊ शकते, हेही ध्यानात ठेवा. श्रावणबाळ योजनेला वय ६५ पूर्ण असावे लागते, तर २०२४पासूनच्या लाडकी बहीण योजनेला ते २१ ते ६५ या मर्यादेत असावे लागते. म्हणून वय विचारण्याआधी आपण कोणत्याही योजनेचे सर्वेक्षण करत नाही हे शांतपणे सांगा, आणि उत्तर बदलले तर त्या माणसाला खोटे ठरवू नका.

माहिती गोळा झाली की एक साधी तपासणी करा. ० किंवा ५ या अंकाने संपणारी वये एकूण वयांच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढी असायला हवीत. ती निम्म्यावर गेली असतील, तर ३८ ते ४२ वर्षांची माणसे सरसकट ‘चाळीस’ सांगत आहेत असे समजा. ४० पासून सुरू होणाऱ्या गटात मग खालच्या गटातली माणसे ओढली जातात. लहान मुलांच्या बाबतीत तर महिन्याचा फरकही चालत नाही. दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी म्हणजे अतितीव्र कुपोषण, हा निकष ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांसाठीच आहे. त्यामुळे माता बाल संरक्षण कार्डावरची तारीख स्वतः डोळ्यांनी पाहा, आईने सांगितलेले ‘दीड वर्षाचं’ लिहून मोकळ्या होऊ नका.

किशोरवयीन मुलींचा नमुना शाळेतून घ्यायचा मोह होतो, कारण एका तासात वीस मुली रांगेत मिळतात. पण ज्या मुलीची तुम्हाला खरी माहिती हवी आहे ती त्या रांगेत नसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले, आणि परभणी व बीड या जिल्ह्यांचे प्रमाण त्याच्या जवळपास दुप्पट होते. म्हणजे सोळा-सतरा वर्षांची लग्न झालेली मुलगी तुमच्या आराखड्यात ‘किशोरी’ गटात बसते, पण ती सासरी असते, कदाचित गरोदरही असते, आणि तिचे वय घरचे वाढवून सांगतात. नमुना घरोघरच्या यादीतून काढला तरच ती सापडेल. ती सापडल्यावर काय करायचे, हे मात्र गावात पाय ठेवण्याआधी मार्गदर्शक आणि नैतिकता समितीशी बोलून ठरवा. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्यामुळे अशी माहिती कळवण्याची जबाबदारी येते, त्यामुळे संमतीपत्रात ‘सर्व माहिती पूर्णपणे गुप्त राहील’ असे वाक्य डोळे झाकून घालू नका. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अठराखालच्या मुलांसाठी पालकांची संमती आणि मुलांची स्वतःची सहमती दोन्ही लागतात. ७ ते १२ वयात ती तोंडी, त्यापुढे लेखी.

प्रजननक्षम वयाच्या गटात आपल्या भागात एक गोष्ट विचारल्याशिवाय चालणार नाही. बीडमधल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९मध्ये ऐरणीवर आला, आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य शासनाने समिती नेमली, आणि सर्वेक्षणातल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची शस्त्रक्रिया झालेली आढळली. प्रश्नावलीत ‘गर्भाशय काढले आहे का’ असे लिहाल तर काही बायका नुसत्या पाहत राहतील. ‘पिशवी काढली का, आणि तेव्हा धाकटं लेकरू केवढं होतं’ असे विचारा, म्हणजे शस्त्रक्रियेच्या वेळचे वयही कळेल. संशोधनाच्या दृष्टीने याला फार महत्त्व आहे. पिशवीबरोबर बीजकोशही (अंडाशयही) काढले असतील, तर छत्तीस वर्षांची बाई शरीराने पाळी गेलेल्या बाईच्या जागी असते. अंगातून वाफा निघणे, झोप न लागणे, हाडे दुखणे ही तिची लक्षणे ‘१५ ते ४९’ या रकान्यात टाकून तुम्ही तिच्याच वयाच्या, पाळी चालू असलेल्या बाईशी तिची तुलना कराल. उलट, दर महिन्याचा रक्तस्राव थांबल्यामुळे तिचे हिमोग्लोबिन बरे दिसू शकते आणि गटातला रक्तक्षय कमी भासू शकतो. म्हणून या गटात वयाइतकीच पाळीची स्थिती महत्त्वाची धरा.

नमुन्याच्या आकड्याविषयी थोडक्यात. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या त्याच पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. तुमच्या वीस जणींच्या गटात साधारण एवढेच प्रमाण आले, तरी ९५ टक्के विश्वासमर्यादेने, म्हणजे ९५ टक्के खात्रीने सांगायचे तर, खरे प्रमाण ३२ ते ७६ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. एवढ्या ढोबळ आकड्यांवर पाच गटांची तुलना उभी राहत नाही. चूक दहा टक्क्यांच्या आत ठेवायची असेल तर प्रत्येक गटात साधारण शंभर जण हवेत. एकाच घरातली अनेक माणसे घेतलीत तर आणखी जास्त, कारण एका चुलीवर जेवणारी माणसे एकमेकांसारखी असतात. प्रबंधांतून सर्रास दिसणारा ३८४ हा आकडा पाच टक्के चुकीसाठी एका गटाचा असतो, पाच गटांत वाटून घेण्यासाठी नसतो. याच कारणाने दोनच वयोगट घ्या, असे मी म्हणते.

मापनात काटकसर करू नका. बोटाच्या टोकाचे रक्त आणि शिरेतले रक्त यांतून रक्तक्षयाचे प्रमाण वेगळे येऊ शकते. देशपातळीवर कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत, बोटाच्या रक्तावरून, पाच वर्षांखालच्या मुलांत ते ५८ टक्क्यांच्या पुढे होते, तर त्याच सुमाराच्या, २०१६ ते २०१८च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात, शिरेतल्या रक्तावरून, १ ते ४ वर्षांच्या मुलांत ते सुमारे ४१ टक्के आले. दोन्ही सर्वेक्षणांतले वयही तंतोतंत एक नाही. तुमचा आकडा कोणत्या पद्धतीचा आहे हे न सांगता तो कोणाच्याही शेजारी ठेवू नका. वजनकाटा सारवलेल्या जमिनीवर ठेवला तर डुगडुगतो. ओसरीतली एखादी सपाट शहाबादी फरशी शोधा आणि रोज सकाळी माहीत असलेल्या वजनाने तो तपासा. रक्तदाब मोजण्यापूर्वी माणसाला पाच मिनिटे टेकून बसवा आणि त्याने नुकताच चहा घेतला का, तंबाखू मळली का, मिश्री लावली का, हे विचारा. रानातून आलेल्या माणसाचा दंड लगेच पट्ट्यात घालू नका.

स्वास्थ्य मोजण्याची साधने तयार मिळतात, त्यांची मराठी रूपेही मिळतात, पण ती आपल्या गावात एकदा वाचून पाहिल्याशिवाय वापरू नयेत. ज्येष्ठांमधल्या नैराश्यासाठीच्या पंधरा प्रश्नांच्या मापनपट्टीत, बाहेर जाण्यापेक्षा घरीच राहणे तुम्हाला बरे वाटते का, अशा आशयाचा प्रश्न आहे आणि ‘हो’ या उत्तराला नैराश्याचा गुण मिळतो. नातवंडे सांभाळणाऱ्या आजीला तो विचारला की ती म्हणते, “घर सोडून जाऊ कुठं? लेकरं कुणाच्या वट्यात टाकू?” हे नैराश्य नव्हे, पण कागदावर गुण पडतो. स्वास्थ्याच्या पाच विधानांच्या निर्देशांकात, झोपून उठल्यावर ताजेतवाने वाटते का, असे एक विधान आहे. रब्बीत रात्रीची लाईट असताना दोन वाजता दारे धरायला जाणाऱ्या शेतकऱ्याचे उत्तर त्या आठवड्यात विजेची पाळी कोणती होती यावर ठरते. असे प्रश्न वगळू नका, कारण पट्टी मोडते. मात्र उत्तराशेजारी बाईचे किंवा गड्याचे शब्द जसेच्या तसे टिपून ठेवा. ‘जीव लागत नाही’, ‘जीव घाबरा होतो’, ‘अंगात त्राण नाही’, ‘अंगावरून जातं’ या प्रत्येकाचा अर्थ वेगळा असून ‘कशातच जीव लागत नाही’ असे सांगणारे माणूस वैद्यकीयदृष्ट्या फार नेमके बोलत असते. तांड्यावर जाणार असाल तर गोरमाटी (बंजारा बोली) बोलणारी बाई बरोबर घ्या. ती शक्यतो त्याच घरातली सून नसावी, कारण सासूच्या दुखण्याचे भाषांतर सुनेने करणे दोघींनाही अवघड जाते. पूर्वचाचणी किमान दहा जणांवर करा, आणि ती निवडलेल्या गावाबाहेर करा.

निष्कर्ष लिहिताना एक सावधगिरी बाळगा. एकाच वेळी केलेल्या सर्वेक्षणात सत्तरीतल्या माणसांची प्रकृती पन्नाशीतल्यांपेक्षा खालावलेली दिसली, तर ती वयाने खालावली असे लगेच म्हणता येत नाही. आज सत्तरीत असलेली बाई बाहत्तरच्या दुष्काळात पहिलटकरीण होती आणि बहुधा शाळेची पायरी चढली नव्हती. आज पन्नाशीत असलेली तेव्हा लहान होती किंवा अजून जन्मलीही नव्हती. हा दोन पिढ्यांचा फरक आहे, त्यात वय किती आणि पिढी किती हे तुमच्या आराखड्यातून वेगळे काढता येत नाही. शिवाय सत्तरीपर्यंत पोहोचली तीच माणसे तुम्हाला भेटणार. ‘वाढत्या वयाबरोबर स्वास्थ्य घटते’ असे वाक्य लिहिण्याऐवजी ‘या गावात, या वेळी, ज्येष्ठांच्या गटात ते कमी आढळले’ असे लिहा.

शेवटी, तपासून काही सापडले तर काय करणार, ते आधी ठरवा. नैराश्याच्या नऊ प्रश्नांच्या साधनातला शेवटचा प्रश्न जीवाचे बरेवाईट करण्याच्या विचारांविषयी आहे. आपल्या भागात, कर्जात बुडालेल्या घराच्या ओसरीत, त्याला ‘हो’ आले तर रकान्यात खूण करून पुढच्या घरी जाता येणार नाही. त्या दिवशीचे उरलेले सर्वेक्षण थांबवा, माणसाजवळ बसा, त्याच्या मर्जीने घरातल्या विश्वासाच्या व्यक्तीला बोलवा, उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना कळवा आणि टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक तिथूनच लावून द्या. ज्यांचे हिमोग्लोबिन कमी आले, ज्यांचा रक्तदाब १४०/९०च्या वर गेला, ज्या लेकराच्या दंडाची पट्टी लाल रंगात आली, त्यांची यादी त्याच दिवशी संध्याकाळी त्यांच्या परवानगीने सिस्टर आणि आशाताईंच्या हाती द्या, आणि प्रत्येकाला त्याचा आकडा मोठ्या अक्षरांत लिहिलेली चिठ्ठी द्या. हंगामावर जाणारे कुटुंब असेल तर चिठ्ठीमागे गोळीचे नाव आणि मात्राही लिहा, म्हणजे फडाजवळच्या दवाखान्यात ती दाखवता येईल.